टाच कोणी शिकवली?

माय,

ते यंत्र आपल्या घरी आलं तेव्हा तू चुलीपुढे बसून पीठ मळत होतीस. वार आणि महिना मला सांगता येणार नाही. हमालाने दारात खोकं उतरवलं आणि आतल्या पेंढ्यातून एक काळी, तेलकट, लोखंडी वस्तू वर काढली, तशी तू पिठाचे हात तसेच वर धरून उठलीस आणि तिच्याभोवती एक फेरी मारलीस, हे मात्र स्वच्छ दिसतं. आबा मागून आले. ते शेठजींच्या कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर शिलाईचं मशीन टाकून बसायचे. शेठजी मूळचे मारवाडचे, पण त्यांच्या आजोबांपासून नंदुरबारात राहिलेले, त्यामुळे गिऱ्हाइकाशी आपल्यासारखीच अहिराणी बोलायचे. ते सुरतेला गेले असताना तिथे कोणाकडे तरी त्यांनी मोजे विणायचं हातयंत्र चालताना पाहिलं आणि हौसेने एक विकत घेऊन आले. दुकानात जागा नव्हती. शिंप्याला सुईचं सगळं कळतं अशी त्यांची समजूत, म्हणून ते आपल्या ओसरीत आलं.

एक लोखंडी नळकांडं, त्याच्या काठाने उभ्या सुयांची गोल रांग, आणि बाजूला फिरवायचा दांडा. प्रत्येक सुईच्या डोक्याशी एक बारीकशी जीभ. दांडा फिरवला की सुया पाळीपाळीने वर यायच्या, जीभ उघडून धागा धरायच्या, जीभ मिटून खाली जायच्या. खालून विणलेली नळी हळूहळू बाहेर उतरायची आणि ती ताणलेली राहावी म्हणून तिला वजन अडकवलेलं असायचं. मी तासन्‌तास त्या जिभांकडे बघत बसायची. आबांना नळी विणणं लवकर जमलं. पण नळी म्हणजे मोजा नव्हे. पायाला टाच असते, तिथे नळीला वळावं लागतं, आणि वळवायला गेलं की आबांच्या हातून सुया मोडायच्या. मिस्त्रीचाचा, ते सगळ्या गावाची कुलपं आणि कापसाच्या जिनातली चाकं दुरुस्त करायचे, त्यांनी मोडलेल्या सुया बदलून दिल्या, पण नळी कशी वळवायची ते त्यांनाही सांगता येईना. शेवटी आबा वैतागले. "हाई मन्हं काम नही. हाई तं चक्की शे," असं म्हणून ते आपल्या शिलाईच्या मशीनकडे परत गेले, आणि यंत्रावर तू एक जुनं लुगडं पांघरून ठेवलंस.

ते लुगडं तू परत कधी काढलंस आणि का काढलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. शेठजींनी नमुन्याला म्हणून एक विलायती मोज्यांचा जोड दिला होता. एका दुपारी तू त्यातला एक मोजा मांडीवर घेऊन पंज्याकडून उसवायला लागलीस. मी घाबरले. तू धागा ओढत होतीस, मी तो काडीला गुंडाळत होते, आणि मोजा आखडत आखडत टाचेपर्यंत आला तशी तू थांबलीस. "देख," म्हणालीस, "आठे धागा मांगे फिरना." इथवर धागा गोल गोल येत होता, आणि इथे तो अर्ध्यातून मागे फिरला होता. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, दर वेळी थोडा कमी. तू एकेक फेरी उसवायचीस, तेवढ्या सुया यंत्रावर बोटाने मोजायचीस, पुन्हा मोज्याकडे बघायचीस. संध्याकाळपर्यंत तुझ्या ध्यानात आलं. पुढच्या अर्ध्या सुया वर उचलून त्यांना विसावा द्यायचा, मागच्या अर्ध्यांवर दांडा पुढे-मागे, पुढे-मागे फिरवायचा, दर फेरीला एक सुई उचलायची, आणि मग तशीच एकेक खाली सोडत यायची. त्या उचलण्या-सोडण्यात नळीला पोट सुटतं, तीच टाच.

शेठजी आठवड्याच्या बाजारच्या दिवशी आले आणि नमुन्याचा दुसरा मोजा कुठे आहे म्हणून विचारलं. तू एका हाताने धाग्याचा गुंडा पुढे केलास आणि दुसऱ्या हाताने तू विणलेला मोजा. ते आधी गुंड्याकडे बघून रागावले, मग मोज्यात हात घालून बघितला, आणि मग हसायला लागले. मला वाटतं आपल्या गावातला मोज्यांचा धंदा सुरू झाला तो त्या हसण्यापासून. पुस्तकात कोणी लिहिलं तर वेगळं लिहील. कापूस इथलाच, जिनं इथेच, रेल्वे दारात, तेव्हा इथे सुताचं काहीतरी व्हायचंच होतं असं लिहील, आणि तेही खोटं नाही. पण कापूस आणि रेल्वे आपल्या गावात कितीतरी आधीपासून होती आणि मोजा कोणी विणला नव्हता.

पुढे शेठजींनी आणखी यंत्रं आणली. रुंद नळीचं एक आणलं, त्यावर बनियनचं कापड निघायचं. ते आबा शिवायचे. त्यांची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती, सुईत दोरा मी ओवून द्यायची, पण बनियनच्या बाह्या ते हाताच्या अंदाजाने बिनचूक जोडायचे. मग लढाई सुरू झाली आणि पलटणीसाठी मोज्यांचं काम शेठजींना मिळालं. ओसरी पुरेना. जुन्या जिनाच्या मागची पत्र्याची शेड त्यांनी झाडून घेतली, यंत्रं ओळीने मांडली, आणि गल्लीगल्लीतून बाया कामाला आल्या. मोमीन मोहल्ल्यातल्या बाया बुरखे काढून खिळ्याला अडकवायच्या, त्याच्या शेजारी आपल्याकडच्या बायांच्या भाकरीच्या फडक्यांची रांग. सुताऐवजी आता राखाडी लोकर. चैत्र-वैशाखाच्या त्या उन्हात, पत्र्याखाली, लोकरीची कुसं नाकात जात असताना आपण कुठल्या तरी थंड मुलखातल्या शिपायांचे पाय ऊबदार ठेवत होतो. ते शिपाई कुठले, कसे, हा विचार माझ्या मनात यायचा. तू म्हणायचीस, "त्यास्नाबी पायले टाच ऱ्हासच ना." बस, एवढंच.

शाळा सुटली की मी शेडमध्ये यायची आणि मोज्यांचे पंजे शिवायची. यंत्रावरून मोजा निघाला की त्याचं पुढचं तोंड उघडं असतं, ते सुईने बंद करायचं. तू मात्र कुठल्याच एका यंत्रावर बसायची नाहीस. शेठजींनी सुरुवातीलाच तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, ही टाच तुम्हना हातमाच ऱ्हाऊ द्या. कोनले दखाडू नका." त्यांची काळजी उघड होती. एखादी बाई सगळं शिकली आणि उद्या दुसऱ्या व्यापाऱ्याने तिला बोलावून घेतलं तर धंदा तिच्याबरोबर जायचा. तू मान डोलावलीस. त्यामुळे बाया घोट्यापर्यंत नळी विणायच्या, यंत्र थांबवायच्या आणि ओरडायच्या, "टाच!" की तू जायचीस, पाठ शेडकडे करून उभी राहायचीस, टाच फिरवून द्यायचीस, आणि बाई पुढे विणायला लागायची. दिवसभर या टोकाहून "टाच!" त्या टोकाहून "माय, टाच!" गावातही लोक तुला टाचवाली म्हणायला लागले. तुला ते आवडायचं, माय. बाजारातून जाताना कोणी तसं म्हटलं की तू पदर सारखा करायचीस. आबांची कमाई कमी होत होती तेव्हा आपलं घर त्या टाचेवर उभं होतं, हे मलाही कळत होतं.

त्या बायांमध्ये एक डोंगरातली होती. धडगावकडची पावरा आदिवासी बाई, नवऱ्याबरोबर मजुरीला खाली उतरलेली, नवरा जिनात कापसाच्या गासड्या वाहायचा. तिला आपली बोली नीट यायची नाही आणि तिची आपल्याला यायची नाही, त्यामुळे ती गप्प. गळ्यात चांदी, कपाळावर गोंदण. सगळ्या तिला पावरीणच म्हणायच्या. ती शेडच्या अगदी शेवटच्या यंत्रावर, भिंतीकडे तोंड करून बसायची.

आता जे झालं ते क्रमाने लिहिते, कारण मी ते मनात इतक्या वेळा मागेपुढे फिरवलं आहे की माझा गोंधळ होतो. तुझ्या टाचेत एक खोड होती. टाच जिथून वळायला लागते तिथे दोन्ही बाजूंना एकेक बारीक भोक पडायचं, हरभऱ्याची डाळ जाईल एवढं. पंजा शिवताना मी ते भोकही बुजवायची. तर एकदा माझ्या टोपलीत असे काही मोजे आले की त्यांना भोकच नव्हतं. उलटे करून बघितले, प्रकाशात धरून बघितले, नव्हतंच. मी धावत तुझ्याकडे आले. "माय, या मोजास्ले भोक नही." तू मोजा घेतलास, टाचेच्या कोपऱ्यात करंगळी घालून बघितलंस, शेडवरून एकदा नजर फिरवलीस आणि मोजा मला परत दिलास. "बरं," म्हणालीस. एवढंच. त्यानंतर तुझ्या टाचांनाही भोक पडायचं बंद झालं. मला वाटलं, ते पहिले मोजे तुझ्या हातून चुकून तसे निघाले असतील, मी दाखवल्यावर तू विचार केलास आणि तुला सापडलं. मी खूश होते, माझं काम कमी झालं होतं.

मग थोड्याच दिवसांनी शेठजी भलत्या वेळी शेडमध्ये आले. तू या टोकाला कोणाची तरी टाच फिरवत होतीस. ते चालत चालत शेवटच्या यंत्रापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. पावरीण टाच फिरवत होती. कोणालाही हाक न मारता, एकटी, सावकाश. सुई उचल, दांडा मागे, सुई उचल, दांडा पुढे. शेठजी काही वेळ बघत राहिले. मग मोठ्याने विचारलं, "हिले कोनी शिकाडं?"

सगळी यंत्रं थांबली. पावरीण उठून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं की ही आता पळत सुटेल. शेठजींनी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज वेगळा होता. आणि तू या टोकावरून, हातातलं काम न सोडता म्हणालीस, "मी शिकाडं."

शेठजी वळले. "तुम्ही? काय ठरनं व्हतं आपलं?"

"ठरनं व्हतं. पन शिकाडं."

ते वाईट माणूस नव्हते, हे तूही नेहमी म्हणायचीस. ते ओरडले नाहीत. त्यांनी इतकंच सांगितलं की मग उद्यापासून तुम्हीही एका यंत्रावर बसा, बाकीच्या बसतात तशा. टाच फिरवणाऱ्या आता दोघी झाल्या, हाक आली की दोघींतली एक उठेल, त्यासाठी वेगळं माणूस ठेवायचं कारण उरलं नाही. आणि निघून गेले. तू हातातली टाच पुरी केलीस, मग पुढच्या बाईने हाक मारली तिकडे गेलीस. माझ्या हातातली सुई बोटात गेली होती ते मला घरी येईपर्यंत कळलं नाही.

कारण तू खोटं बोललीस हे मला माहीत होतं. मी रोज तिथे बसत होते. तू तिच्या यंत्रापाशी जायचीस तेव्हाही पाठ करून उभी राहायचीस. तुम्हा दोघींना कधी चार शब्द बोलताना मी ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तू फुनके केले होतेस. तुरीच्या वाटल्या डाळीचे मुटके चाळणीवर वाफवत होते, कढी उकळत होती, आणि आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांना दुकानात शेठजींकडून कळलं होतं. मीच न राहवून म्हणाले, "माय, तू तं तिले कव्हय शिकाडं नही." कधीच शिकवलं नाहीस तू तिला. आबांनी मान वर केली.

"नही शिकाडं?" त्यांनी विचारलं.

"नही," तू म्हणालीस.

"मंग काबरं सांगं तसं?" आबांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात भीती होती. त्यांच्या डोळ्यांचं काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. "घर कशावर चालस, तुले समजत नही का? खोटं बोलीसन सोतानं नुकसान?"

तू फुनका हाताने दाबून बघितलास, शिजला की नाही म्हणून. आणि म्हणालीस, "आज खोटं शे. सकाय खरं व्हई जाई."

उद्या खरं होऊन जाईल. आबांना काही उमगलं नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी तुझ्याबरोबर शेडमध्ये आले, बघायला, की उद्या काय खरं होतं. तू पावरीणच्या शेजारचं यंत्र घेतलंस. घोट्यापर्यंत नळ्या आल्या तशा हाका सुरू झाल्या. "टाच!" तू उठली नाहीस. "माय, टाच!" तू उठली नाहीस. यंत्रं एकामागून एक थांबत गेली. सगळ्या बाया माना वळवून बघायला लागल्या. मोमीन मोहल्ल्यातली एक म्हातारी बाई म्हणाली, "क्या हुआ, तबियत ठीक नहीं क्या?" मग तू म्हणालीस, "आते जिनी टाच तिनीच फिरावनी. या, देखी ल्या." ज्या बाईची टाच, तिनेच फिरवायची. या, बघून घ्या.

त्या आल्या. ज्या मागे राहिल्या त्या स्टुलांवर चढल्या. त्या दिवसापर्यंत तुझी पाठ बघितलेल्या बायांनी पहिल्यांदा तुझे हात बघितले. एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली होती आणि मी ती सोडून दिली. कोपऱ्याची जागा आली तशी तू थांबलीस, पावरीणकडे बोट केलंस आणि म्हणालीस, "आठे हिना हात देखा." इथे हिचे हात बघा. मला वाटलं, तू दमलीस. पावरीण मान खाली घालून फिरवत होती आणि सगळ्या तिच्याभोवती वाकल्या होत्या.

पुढचे काही दिवस नुसता गोंधळ होता. वाकड्या टाचा, दोन टाचांचे मोजे, सुया मोडलेल्या. मिस्त्रीचाचा हातोडी घेऊन शेडमध्येच मुक्कामाला असल्यासारखे. बिघडलेलं तू उसवायचीस आणि लोकर पुन्हा गुंडाळायला मला द्यायचीस. शेठजी दारात येऊन उभे राहायचे. पलटणीचं काम अंगावर होतं, सगळ्या बायांना काढून टाकता येत नव्हतं. ते तोंडात मारल्यासारखे बघायचे आणि जायचे. आणि मग सगळं जमलं. "टाच!" ही हाक बंद झाली, कोणाला कोणासाठी थांबावं लागेना, आणि माल पूर्वीपेक्षा जास्त निघायला लागला. शेठजी त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. तुझी ती वेगळी जागा मात्र त्यांनी तुला परत दिली नाही, आणि तूही मागितली नाहीस. आपल्याकडे दोन वेळची भाजी एक वेळची झाली. बाजारातून जाताना टाचवाली म्हणून तुला कोणी हाक मारेना, कारण आता टाचवाल्या पुष्कळ होत्या. तुला ते बोचलं का गं? मी तुझ्या तोंडाकडे बघत असायची, पण मला काही दिसायचं नाही.

लढाई संपली आणि पलटणीचं काम थांबलं. लोकर नाही, सूतही कंट्रोलमधलं, सरकार देईल तेवढंच. शेठजींनी शेड बंद केली आणि यंत्रं एकेक करून काढून टाकायला लागले. कोण घेणार ती? ज्यांना टाच फिरवता येत होती त्याच. कोणी पाटल्या मोडल्या, कोणी दोघींत मिळून एक घेतलं. थोड्याच काळात गावात अशी अवस्था झाली की कुठल्याही बोळातून जा, ओसरीतून दांड्याचा करकर आवाज यायचा. शाळेतल्या पोरांचे मोजे, पोलिसांचे मोजे, तान्ह्या मुलांच्या टोप्या, बनियन. शहाद्याला, नवापूरला, रेल्वेने पार सुरतेपर्यंत माल जायचा. धडगावच्या बाजारात डोंगरातले लोक पांढरं बनियन नको म्हणायचे, लाल मागायचे, म्हणून गावात लाल बनियन निघायला लागलं. टाच शेवटपर्यंत तुझ्या एकटीच्या हातात राहिली असती, तर त्या दिवशी शेडबरोबर सगळंच बंद पडलं असतं. तू हे आधी बघितलं होतंस असं मी म्हणणार नाही. तुला लढाई कधी संपेल हेसुद्धा माहीत नव्हतं.

आबा गेले, तू गेलीस. मी शिक्षिका झाले आणि पुष्कळ वर्षांनी माझी बदली धडगावला झाली. शहाद्याहून ट्रकमध्ये बसून घाट चढून गेले. माझ्या वर्गात एक पावरा मुलगी होती, शाळेची मराठी नुकती शिकत होती. एकदा थंडीत ती पायात मोजे घालून आली. तिथल्या पोरांच्या पायात तेव्हा चपलासुद्धा नसायच्या. हातयंत्रावरचे मोजे. मी तिला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर खाली बसून तिच्या टाचेचा कोपरा करंगळीने बघितला. भोक नव्हतं. "कोणी विणले?" "आजीने."

रविवारी तिच्याबरोबर गेले. उतारावरचं कुडाचं घर, अंगणात मोहाचं झाड, आणि पडवीत, माय, ते यंत्र. शेठजींच्या शेडमधलंच, दांड्याच्या चाकाचा एक दाता मिस्त्रीचाचांनी बसवलेला. पावरीण म्हातारी झाली होती, पण कपाळावरचं गोंदण तेच. तिने मला ओळखलं नाही. मी पंजा शिवायची खूण करून दाखवली तशी ती तोंडाला हात लावून हसली. आम्ही बोललो ते नातीमार्फत. ती पावरी बोलायची, नात अडखळत शाळेच्या मराठीत मला सांगायची.

मी विचारलं, माझ्या आईने तुम्हाला टाच शिकवली होती का?

"नाही," नात म्हणाली. "आजी म्हणते, तुमची आई पाठ करून उभी राहायची, पण कोपर हलताना दिसायचा. कोपरावरून हात काय करतो ते कळतं."

मग टाचेच्या कोपऱ्यातलं भोक कसं गेलं?

म्हातारीने आत जाऊन बांबूची टोपली आणली. टोपलीचा काठ वळवताना पट्टी मागे फिरते तिथे शेजारच्या पट्टीला वेढा देऊन फिरवतात, नाहीतर तिथे फट राहते. तिने बोटाने दाखवलं. यंत्रावर ती उचललेल्या सुईला धाग्याचा तसाच एक वेढा द्यायची. एवढंच होतं. मग ती बरंच काही बोलली आणि नात विचार करत राहिली, शब्द जुळवत. "आजी म्हणते, एक दिवस दुपारी तुमची आई तिला कापसाच्या गासड्यांच्या मागे घेऊन गेली. एक यंत्र तिथे होतं, मोडकं. तुमची आई खाली बसली आणि हिला म्हणाली, दाखव. आजीने तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. तिला लवकर येत नव्हतं. दोन-तीन दुपारी लागल्या."

मी टोपलीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हटलं, म्हणजे तुम्हीच माझ्या आईला शिकवलंत. आणि तिने शेठजींना उलटं सांगितलं. असं का केलं तिने?

या प्रश्नाचं उत्तर म्हातारीने लगेच दिलं, आणि नातीलाही ते लगेच सांगता आलं. "तिने ‘मी शिकवलं’ म्हटलं नसतं तर शेठ ते चोरी म्हणाला असता. आम्हाला बघून लोकांना आधी तेच आठवतं."

आणि तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाही, की तुम्ही तिला शिकवलं?

म्हातारी पुन्हा हसली. नात म्हणाली, "आजी विचारते, ती म्हणाली दाखव, म्हणून दाखवलं. त्याला शिकवणं म्हणतात का?"

मी शिक्षिका, माय, आणि मला उत्तर आलं नाही. अजूनही नीट येत नाही. तू हे घरी कधी का सांगितलं नाहीस, त्याचा मी खूप विचार केला. आबांना सांगितलं असतंस तर त्यांना त्या खोटेपणाचा राग आला नसता. मला सांगितलं असतंस तर मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले असते, आणि मग ते शेठजींपर्यंत पोचलं असतं. ते कारण असेल. की तुलाही, टाचवालीला, दुसरीच्या हाताखाली बसून शिकावं लागलं हे सांगायला जड गेलं? की तुला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही, मोजा उसवला तसं, कळत नव्हतं म्हणून विचारलं? यातलं कुठलं खरं असेल ते ठरवायला मी रोज एकेकाला हो म्हणते. परवा तर मला असंही वाटलं की "आठे हिना हात देखा" म्हणालीस, तेव्हा तू सगळं सांगूनच टाकलं होतंस. ऐकणारे आम्ही कच्चे होतो.

आता गावात हातयंत्र दिसत नाही. बाहेरून तयार माल ट्रक भरून येतो, आणि दांडे, नळकांडी भंगारात गेली. पण त्या बायांच्या नाती-पणत्या सुरतेला होजियरीच्या कारखान्यांत आहेत, मोठ्या पगारावर, विजेच्या यंत्रांवर, आणि एक तर तिथे बाकीच्यांना शिकवते म्हणे. मी विचारलं, कोपऱ्यात भोक पडतं का गं? तिला प्रश्नच कळला नाही. यंत्र आपोआप करतं, म्हणाली. मला फार उत्सुकता आहे की त्या यंत्राला ते कोणी दाखवलं असेल.

तुला अक्षर येत नव्हतं. घरात आलेलं पत्र मीच तुला वाचून दाखवायची. आता लिहिणारी मी आणि वाचून दाखवणारीही मीच, त्यामुळे हे कुठे टाकायचं हा प्रश्न येत नाही. शाळेच्या जुन्या पिशवीत ठेवून देते.

एक राहिलं. या थंडीत माझे पाय फार गार पडतात म्हणून नातवाने मोजे आणलेत. मी ते उलटे केले, कोपरा शोधायला लागले, आणि कोपराच नाही, माय. टाचच नाही त्यांना. सरळ नळी आहे, आबांनी पहिल्या आठवड्यात विणली तशी, फक्त धागा असा काही ताणणारा की पाय जाईल तिकडे ती वळते. मी ते दिवसभर हातात घेऊन बसले होते. रागाने परत करणार होते. पण खरं सांगते, पायात घातले, आणि छान बसतात गं.